आपल्यासोबत आहेत ज्येष्ठ पत्रकार...

टीव्हीच्या पडद्यावर खालच्या लाल पट्टीत ज्यांच्या नावाशेजारी 'ज्येष्ठ पत्रकार' असं झळकतं, त्यांच्याविषयी हे आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीचे चार-पाच जण नाराज होतील. हे आपल्यावरच लिहिलंय असं त्या प्रत्येकाला वाटायला हवं. आपण त्यांना नुसतं ज्येष्ठ म्हणू. केस काळेभोर, कोट गडद निळा, भुवया कायम किंचित वर, म्हणजे राज्यात काहीतरी घडतंय आणि ते आपल्याला अर्ध्या तासापूर्वीच कळलंय अशा बेताच्या. कोटाखाली काय असतं ते प्रेक्षकांना दिसत नाही. मी पाहिलंय. जीन्स असते, आणि उन्हाळ्यात चपला.

ज्येष्ठ होण्याच्या बऱ्याच आधीपासून मी त्यांना ओळखतो. ते एका दैनिकासाठी मंत्रालय कव्हर करायचे आणि मी डेस्कवर बसून त्यांच्या बातम्या कापायचो. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून बातम्या पाठवता पाठवता ते मुंबईत आले आणि डोंबिवलीत एका खोलीत राहिले. त्या काळी बातमीवर नुसतं 'विशेष प्रतिनिधी' एवढंच छापायची पद्धत होती, त्यामुळे हा माणूस पत्रकार आहे हे चाळीत कुणाला माहीतच नव्हतं. रोज मंत्रालयात जातो म्हणजे कारकून असणार असं धरून शेजारी त्यांच्याकडे बदल्यांचे अर्ज आणून द्यायचे. गंमत म्हणजे त्यातल्या दोन-तीन बदल्या झाल्यादेखील. त्या दिवसांत त्यांचा जो मान होता तो सगळा त्या बदल्यांमुळे.

बातमी काढण्याची त्यांची एक पद्धत होती. मंत्र्यांकडे ते शेवटी जायचे. आधी खाली, गाड्या लागतात तिथे. मंत्र्याच्या मनात काय आहे ते मंत्र्याच्या आधी त्याच्या ड्रायव्हरला कळतं, असा त्यांचा सिद्धांत होता. गाडी रात्री साडेअकराला सह्याद्री अतिथीगृहावरून निघाली आणि सरळ बंगल्यावर न जाता कुठे वळली, मागच्या सीटवर दुसरं कोण होतं, आणि ते दोघं बोलत होते की गप्प होते, हे सगळं ड्रायव्हर तंबाखू मळता मळता सांगायचा. मग लिफ्टमन. सहाव्या मजल्यावर, म्हणजे मुख्यमंत्र्यांकडे, कोणता सचिव सकाळपासून कितीदा गेला आणि येताना हातातली फाईल तशीच होती का, हे लिफ्टमनला पाठ असे. मग पीए. मग शिपाई. आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, बातमी हातात पक्की झाल्यावर, ज्येष्ठ मंत्र्यांच्या केबिनमध्ये डोकावून अगदी गरीब चेहऱ्याने विचारायचे, "साहेब, काही विशेष?" साहेब म्हणायचे, "काही नाही." तेवढं एक वाक्य मिळालं की बातमी पूर्ण व्हायची.

ती आठ कॉलमी मथळ्याची असली तरी मजकूर तीनशे शब्दांचा. जे कळलं त्यातला चार आणे भाग छापायचा आणि बारा आणे पोटात ठेवायचा. हे पोट हीच त्यांची मालमत्ता होती. कोणता आमदार कुणाचा व्याही, कोणत्या सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत कोण कुणाला आतून मिळालेला होता, कालव्याचं आवर्तन कोणत्या तालुक्याला लांबलं आणि का, सगळं आत जमा. त्यातलं थोडंसं रविवारच्या स्तंभात बाहेर यायचं, तेही बुरखा घालून: 'विदर्भातील एक वजनदार नेता', 'पश्चिम महाराष्ट्रातील एक अस्वस्थ मंत्री'. रविवारी सकाळी पक्षांच्या कार्यालयांत चहाबरोबर हे कोण ते ओळखण्याचा कार्यक्रम चाले. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात तर ज्येष्ठ खुलायचे. हुरडा पार्टीत सत्ताधारी आणि विरोधक एकाच ताटलीतला हुरडा खाताना दिसायचे आणि यांच्या पोटात आणखी बारा आणे पडायचे.

माझी त्यांच्याविषयी तक्रार एकच होती. विशेषणं. 'अत्यंत', 'प्रचंड', 'अभूतपूर्व'. ती मी लाल पेनाने उडवायचो. ते म्हणायचे, "अहो, एखादं तरी राहू द्या." मी राहू दिलं नाही. पुढे ती सगळी त्यांनी सव्याज वसूल केली.

तोपर्यंत टीव्ही म्हणजे दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुढची कितीतरी वर्षं बातम्या म्हणजे संध्याकाळी एक शांत माणूस किंवा शांत बाई समोर बघून वाचते तेवढ्याच होत्या. लोकसभेचा निकाल लागायचा तेव्हा मतपत्रिका हाताने मोजायला दोन-दोन दिवस लागत, आणि फेऱ्यांच्या मधल्या वेळात दूरदर्शन चक्क हिंदी सिनेमा दाखवायचं. बातमी आली की सिनेमा थांबवायचा, आकडे सांगायचे, सिनेमा पुन्हा सुरू. आज विचार केला तर त्याइतकी सभ्य योजना दुसरी सुचत नाही. सांगायला काही नसेल तेव्हा आपण बोलू नये, लोकांना गाणी ऐकू द्यावीत.

मग हिंदीत सुरेंद्र प्रताप सिंह आले. 'रविवार' साप्ताहिकाचे संपादक म्हणून नाव कमावलेला हा छापील राजकारणाचा माणूस. १९९५ मध्ये डीडी मेट्रोवर 'आज तक' घेऊन आला, आणि वीस मिनिटांत देश उरकायचा. आमचे ज्येष्ठ ते बघायचे आणि म्हणायचे, "वीस मिनिटं? मला दोन पुरतील." नियतीने हे ऐकलं असावं, फक्त आकडा चुकून चोवीस तास असा लिहून घेतला. २००७ मध्ये झी चोवीस तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत आणि साम अशी मराठी वृत्तवाहिन्यांची रांग लागली, आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांमधून माणसं उठून तिकडे जायला लागली. 'महानगर'चे निखिल वागळे आयबीएन लोकमतचे संपादक झाले. जो तो आरशात बघून आपला चेहरा पडद्यावर कसा दिसेल याचा अंदाज घेऊ लागला. ज्येष्ठांनाही फोन आला. पगार तिप्पट, गाडी, आणि रोज संध्याकाळी चेहऱ्याला पावडर.

पहिलं लाईव्ह विधानभवनाच्या पायऱ्यांवरून होतं. हातात बूम, कानात टॉकबॅक, समोर कॅमेरा. छापील माणसाची वाक्यं लांब असतात. कर्ता पहिल्या ओळीत, क्रियापद चौथ्या. ज्येष्ठ तिसऱ्या ओळीत असताना कानातून निर्माता ओरडला, "वाइंड अप, वाइंड अप!" ज्येष्ठांनी थेट प्रक्षेपणात गंभीरपणे विचारलं, "काय अप?" स्टुडिओतल्या निवेदिकेला वाटलं प्रश्न तिला आहे. ती म्हणाली, "नेमकी काय अपडेट आहे, तेच आम्ही तुम्हाला विचारतोय." महाराष्ट्राने हे पाहिलं. मी घरी बसून पाहिलं, आणि कबूल करतो, माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

पण माणूस हुशार. महिन्याभरात शिकले. त्यांच्या लक्षात आलं की इथे मोजून चारच बातम्या आहेत. कुणीतरी नाराज आहे. कुणीतरी नॉट रिचेबल आहे. कुणीतरी कुणालातरी भेटलं. आणि भेट सदिच्छा होती. बाकी सगळं यांचंच मागेपुढे करून बनतं. भेट बंद दाराआड झाली तर उत्तमच, कारण मग दार दाखवता येतं. चाळीस मिनिटं भेट, चाळीस मिनिटं दार. दाराकडे बघत चाळीस मिनिटं बोलणं हे सोपं काम नाही, हे मी उपरोधाने म्हणत नाही. दाराला मूठ आहे, पायपुसणं आहे, मधूनच चहाचा ट्रे घेऊन माणूस आत जातो. "चहा आत गेलेला आपण पाहतोय, याचा अर्थ चर्चा लांबण्याची शक्यता आहे." ट्रेवर कप तीनच का, याच्यावर एक आख्खा ब्रेक निघतो.

नाराजीचं शास्त्र तर त्यांनीच लिहावं. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस विधानसभेचा निकाल लागून गेला होता, मुख्यमंत्री कोण ते ठरत नव्हतं, आणि एकनाथ शिंदे साताऱ्यातल्या आपल्या दरे गावी गेले. झालं. सगळ्यांच्या ओबी व्हॅन कोयनेच्या काठाने वर. ते तापाने आजारी असल्याचं सांगितलं जात होतं. मुंबईच्या स्टुडिओत ज्येष्ठ बसले होते आणि त्यांनी तापाचे तीन प्रकार सांगितले: वैद्यकीय, राजकीय आणि गृहखात्याचा. पाच डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी झाला. त्या दिवशी ताप नव्हता, पण ज्येष्ठांच्या मते तो 'दबलेला' होता.

रात्री आठला चर्चा. पडद्याचे सहा, कधी आठ तुकडे, प्रत्येकात एक डोकं, मध्ये ज्येष्ठ. प्रश्न ते स्वतः विचारतात, आणि सविस्तर विचारतात. आधी प्रश्नाची पार्श्वभूमी, मग १९७८ च्या पुलोद सरकारची आठवण, मग 'माझा थेट सवाल आहे', मग सवालाची पार्श्वभूमी. एका प्रवक्त्याने तेवढ्यात चहा मागवून, पिऊन, कप खाली ठेवलेला मी पाहिलाय. त्यानंतर "तुमच्याकडे एक मिनिट आहे," आणि दहाव्या सेकंदाला "थांबा, थांबा, मूळ मुद्दा तो नाही." साडेआठच्या ब्रेकपर्यंत सगळे एकमेकांची तोंडं बघणार नाहीत असं वाटत असतं; नऊला तेच सगळे मेकअप पुसत, एकमेकांना गाडीतून स्टेशनला सोडू का विचारत असतात. गावाकडून ज्येष्ठांच्या आईने एकदा फोनवर विचारलं, "इतके जण भांडतात, अन् तू मधी बसून नुस्ता बघत बसतूस व्हय रे?" या प्रश्नाला ज्येष्ठांकडे पार्श्वभूमीसुद्धा नव्हती.

आता ती सकाळ. २२ नोव्हेंबर २०१९ च्या संध्याकाळी वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये तीन पक्षांची बैठक झाली, शरद पवार बाहेर आले आणि उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याचं म्हणाले. ज्येष्ठ बाहेर फुटपाथवर होतेच. मध्यरात्रीपर्यंत त्यांनी मंत्रिमंडळ बसवलं, खाती वाटली, दोन राज्यमंत्र्यांना नाराजही करून टाकलं, आणि घरी जाऊन झोपले. पहाटे पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली. आठच्या सुमाराला राजभवनावर देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री. त्या वेळी दारात पडलेल्या वर्तमानपत्रांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होत होते.

ज्येष्ठांना बातमी दूधवाल्याने दिली. बेल वाजवून विचारलं, "साहेब, अजितदादांचं खरं का?" ज्येष्ठ घाबरून म्हणाले, "काय झालं दादांना?" पुढच्या दहा मिनिटांत ते फोनवरून थेट वाहिनीवर होते, मागे लिफ्टच्या दाराचा आवाज मी स्वतः ऐकला. आणि काय म्हणाले? "या घडामोडींचे संकेत गेले काही दिवस मिळतच होते." कुणाला? दूधवाल्याला असतील. २६ नोव्हेंबरला ते सरकार गेलं, तेव्हाही संकेत मिळतच होते.

एकदा घडलं की अपघात म्हणता येतो. ३० जून २०२२ ला सकाळपासून ज्येष्ठ फडणवीसांचं मंत्रिमंडळ समजावून सांगत होते, ग्राफिक तयार, मागे संगीत. दुपारी राजभवनावर फडणवीसांनीच जाहीर केलं की मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, आपण सरकारबाहेर राहणार. ज्येष्ठांनी पाणी प्यायलं आणि 'त्याग' या विषयावर भूमिका मांडली. संध्याकाळी फडणवीस उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेत होते. त्यागाचं ग्राफिक पडद्यावरून उतरवायलाही सवड मिळाली नाही. मग २ जुलै २०२३. रविवार. ज्येष्ठ पुतणीच्या साखरपुड्याला बीडला. पंगत बसलेली. अजित पवारांसह नऊ जणांचा शपथविधी. मांडवाच्या मागे, आचाऱ्यांच्या कढयांपलीकडे उभं राहून, मोबाईल एका भाच्याच्या हातात देऊन ज्येष्ठ लाईव्ह गेले. महाराष्ट्राच्या राजकारणातल्या त्या भूकंपामागे 'अहो, मठ्ठा कुठाय?' असं स्पष्ट ऐकू येतं.

हसायला सोपं आहे. पण या तिन्ही वेळी त्या त्या पक्षाच्या बऱ्याच आमदारांनाही शेवटपर्यंत पत्ता नव्हता, ही गोष्ट ज्येष्ठांच्या बाजूने सांगितली पाहिजे. न कळणं हा दोष नव्हे. जुन्या दैनिकात असते तर त्यांनी त्या दिवशी न कळलेलं लिहिलं नसतं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरकडे जाऊन शोधून काढून लिहिलं असतं. इथे दुसरा दिवस नाही. तिथे कळलेलं पोटात ठेवायचे पैसे मिळायचे, इथे न कळलेलं बोलायचे मिळतात, आणि तिप्पट मिळतात.

ड्रायव्हरकडे ते एकदा गेलेही होते. जुनी सवय उफाळून आली, स्टुडिओतून सुटले आणि मंत्रालयाच्या गाड्या लागतात तिथे जाऊन एकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय मग, विस्तार कधी?" ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतच राहिला. "साहेब, सोमवारी. तुम्हीच सकाळी सांगत होतात की!" लिफ्टमनही तेच म्हणाला. पीएने तर आतून मोबाईल आणून यांचाच व्हिडिओ यांना दाखवला. परतीच्या वाटेवर एका राज्यमंत्र्याचा फोन आला. अगदी खालच्या आवाजात, "ज्येष्ठ, आपलं नाव आहे ना हो यादीत?" वीस वर्षांपूर्वी हे उलट होतं. तेव्हा माहिती खालून वर यायची, गाळून. आता ज्येष्ठ सकाळी जे बोलतात ते दुपारपर्यंत सगळ्या सूत्रांपर्यंत पोचतं, आणि संध्याकाळी सूत्रांकडून ज्येष्ठांकडे परत येतं. तेव्हा ते म्हणतात, "आता याला दुजोरा मिळालाय."

आणि तरीही बारा आणे पोटात आहेत, याचा पुरावा मी पाहिलाय. २०२४ च्या लोकसभेच्या आधी त्यांना लासलगावला पाठवलं होतं. डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी होती. बाजार समितीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या मध्ये, उन्हात उभं राहून ज्येष्ठ बोलले, आणि बऱ्याच वर्षांनी मला ते मंत्रालयाच्या पार्किंगमधले वाटले. एकही विशेषण नाही. क्विंटलला काय मिळतंय, काढणीला काय खर्च आला, चाळीत ठेवलेला माल किती सडला, आणि बंदी उठवली तरी मतदानाला जाणाऱ्याच्या डोक्यातून ती उठणार नाही. त्यांचं तिसरं वाक्य चालू असताना स्टुडिओतून आवाज आला, "ज्येष्ठ, तुम्हाला थांबवतो, एक मोठी बातमी येतेय." मोठी बातमी अशी होती की एक नेता नॉट रिचेबल होता. तो विमानात होता. मे महिन्याच्या सुरुवातीला बंदी उठली, तरी लासलगाव ज्या मतदारसंघात येतं ती दिंडोरी सत्ताधाऱ्यांनी गमावली. तिथे विरोधी उमेदवाराशी नामसाधर्म्य असलेल्या एका अपक्षाला नुसतं तुतारी हे चिन्ह मिळाल्यामुळे एक लाखाहून जास्त मतं पडली, तरीही गमावली. निकालाच्या दिवशी टचस्क्रीनवर बोटं फिरवत ज्येष्ठांनी 'कांदा फॅक्टर' असा शब्द वापरला. शेजारच्या पाहुण्याने विचारलं, "हे आधी कुणी सांगितलं का नाही?" ज्येष्ठ क्षणभर गप्प राहिले. टीव्हीवर क्षणभर म्हणजे फार. निर्मात्याने ताबडतोब ब्रेक घेतला.

मागच्या वर्षी वाहिनीत नवं व्यवस्थापन आलं आणि ज्येष्ठ 'सल्लागार' झाले, म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. त्यांनी स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढलं. घरातल्या देवघराच्या शेजारची खोली, रिंग लाईट, मागे पुस्तकांचं कपाट. कपाटातली पुस्तकं रंगाप्रमाणे मी लावून दिली. आता ते आपलेच संपादक, आपलेच निवेदक आणि आपलेच पाहुणे आहेत. शीर्षक देण्याचं काम एक मुलगा करतो, त्याचं वय बावीस. पहिल्या दिवशी ज्येष्ठांनी जलसिंचनाच्या अनुशेषावर बोलायचं ठरवलं होतं. मुलाने ऐकून घेतलं आणि वर लिहिलं: 'दादांचा गेम झाला?' शेजारी लाल बाण, एक फाटलेला फोटो, आणि ज्येष्ठांचा उघडा आ. ज्येष्ठ म्हणाले, "अरे, पण यात दादा कुठे आहेत?" मुलगा म्हणाला, "सर, म्हणून तर प्रश्नचिन्ह दिलंय." व्हिडिओ चांगला चालला. खाली प्रतिक्रियांमध्ये अर्ध्यांनी त्यांना विकले गेलेले ठरवलंय आणि उरलेल्या अर्ध्यांनीही तेच, फक्त दुसऱ्या पक्षाला.

वहिनींना हे सोयीचं झालंय. आठला टीव्ही मोकळा असतो, त्या निवांत मालिका बघतात. "अहो, हळू जरा, आतमध्ये सरकार पडताना इकडे संवाद ऐकू येत नाहीत," असं मधूनमधून सांगावं लागतं, तेवढंच.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. चहा झाला, जुन्या डेस्कच्या गप्पा निघाल्या, आणि ज्येष्ठ मला एका बड्या नेत्याच्या कारखान्याची अशी काही गोष्ट सांगायला लागले की मी कप खाली ठेवला. आत्ता आत्ता कळलेली, पक्की, कागदासह. अगदी पहिल्या पानाची. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला. पलीकडे कोणत्यातरी वाहिनीची पाहुणे गोळा करणारी मुलगी होती, घाईत.

"सर, साडेसातला याल का? फक्त पाच मिनिटं. विषय आहे, ते नाराज आहेत का?"

"कोण?"

"ते सर अजून ठरतंय, कळवते. पण तुम्ही हो म्हणा ना आधी."

ज्येष्ठ उठले, खुंटीवरचा निळा कोट काढला, आणि एक हात अस्तनीत घालता घालता मला म्हणाले, "आहेतच. संकेत मिळतायत." कारखान्याचा कागद मात्र त्यांनी घडी करून आतल्या खिशात ठेवला.